वर ठेवलेले खेळ

"हळू बोल न वं," आई म्हणाली. "उतरून राहिला आहे."

"कोण उतरून राहिला?"

"खेळ."

मी दारातच उभी, दोन्ही हातांत बॅगा. एप्रिलचं ऊन, नागपूर-चंद्रपूर एसटीची तापलेली सीट, पुढं खाणीच्या कॉलनीपर्यंत ऑटोचे हिसके, आणि घरी पोचल्यावर स्वागत हे असं. दार सताड उघडं होतं. आमच्या कॉलनीत उन्हाळ्यात दुपारी कुणी दार उघडं ठेवत नाही. कोळशाचा भुगा वाऱ्याबरोबर सरळ आत येतो. आलाच होता. उंबऱ्यापासून सोफ्यापर्यंत फरशीवर काळसर थर बसला होता आणि त्यावर आईच्या पावलांचे ठसे उमटले होते. फरशी दिवसातून दोनदा पुसणारी ही बाई.

"आई, दार तरी लाव."

"राहू दे," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवून मला मागच्या खोलीत घेऊन गेली. भूषणच्या खोलीत.

तिथं टीव्ही चालू होता. खाली भूषणचं गेमचं मशीन, त्यावरचा बारका दिवा पेटलेला. पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या चालीनं भरत होती. पलंगावरची चादर ताणून घातलेली. कंट्रोलर टीव्हीशेजारी ठेवलेला, त्याच्यावरही धूळ. खोलीत आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं.

"कुणी लावलं हे?"

"टीव्ही तेवढा मी लावते," आई म्हणाली. "बाकी त्याचं तो करते."

भूषण माझा धाकटा भाऊ. डिसेंबरात सकाळच्या पाळीला जाताना धुक्यात एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं होतं. आईनं त्याला डोळ्यांनी पाहिलं, हळद लावून आंघोळ घातली, तेराव्याला लोक जेवू घातले. म्हणजे तिला काही कळलंच नव्हतं, मुलगा जिवंत आहे असं तिला वाटत होतं, असं कुणी समजू नये. मीही समजत नव्हते.

क्वार्टर खाणीचं. आधी बाबांच्या नावावर होतं. बाबा नोकरीत असतानाच वारले, त्यांच्या जागी भूषणला घेतलं, तेव्हा त्याच्या नावावर झालं. आता घरात खाणीत जाणारं कुणीच उरलं नव्हतं, तेव्हा क्वार्टर सोडायचं होतं. दुसरं कुटुंब यायचं ठरलेलं. त्यांची बाई येऊन स्वयंपाकघर बघूनसुद्धा गेली होती. रविवारचा टेम्पो सांगून मी आईला न्यायला आले होते. आणि आई फोनवर एकच पालुपद लावून बसली होती: मी नाही येत. का येत नाही, ते सांगेल तर शपथ. आली नसती तर काय करणार होते मी? खाणीचे लोक येऊन तिचं सामान अंगणात ठेवताना बघणार होते का?

मी नागपुरात सेट-टॉप बॉक्सच्या तक्रार केंद्रात काम करते. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांना सांगायचं, बंद करा, थोडं थांबा, परत चालू करा. माझ्या धंद्यात आपोआप काही होत नाही. कुणीतरी बटण दाबलेलं असतं आणि मग 'मी नाही दाबलं' म्हणत असतं. तेव्हा आईचं ते "त्याचं तो करते" ऐकून मला आधी काय आलं असेल, तर राग.

जेवताना मी विषय काढला.

"आई, भूषण गेला. आपल्याला आता..."

"मेला," आईनं माझं वाक्य दुरुस्त केलं. वरणात भात कालवत, अगदी सरळ आवाजात. "मेला ते मले माहीत आहे. पण गेला नाही न तो."

"म्हणजे काय?"

"काही नाही. जेव तू. लोणचं घेतलंच नाही."

तेवढ्यात भोंगा वाजला. खाणीत दुपारचं ब्लास्टिंग होतं, त्याच्या आधीचा भोंगा. मग जमिनीच्या पोटातून तो धक्का आला, खिडक्यांची तावदानं खडखडली, मांडणीवरचे पेले किणकिणले. लहानपणापासूनचं ते रोजचंच. आई मात्र हातातला घास थांबवून मागच्या खोलीकडे कान लावून बसली. सगळं शांत झाल्याचा दुसरा भोंगा वाजला, आणि थोड्या वेळानं मागच्या खोलीत 'टुक' असा आवाज झाला. मशीनचा.

"आला," आई म्हणाली आणि हात धुवायला उठली.

भूषण खेळवेडा होता, अगदी पगाराचं वय झालं तरी. बाबा त्याला साहेब म्हणायचे. त्याच्याकडे एकही डिस्क नव्हती, याचा त्याला कोण अभिमान! "डिस्क ओरखडते, ताई, हरवते, कुणी मागून नेते. माझं सगळं वर ठेवलेलं आहे. एकदा विकत घेतलं की आपलं. मशीन भरलं म्हणून पुसलं तरी फिकीर नाही, मशीन जळालं तरी नाही. पाहिजे तेव्हा परत उतरवायचं." आई भाजी निवडता निवडता हे ऐकायची आणि विचारायची, "वर म्हणजे कुठं रे?" तो पंख्याकडे बोट दाखवायचा. तिला खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण तिची दुपारची भाजी, लसूण, डाळ, सगळं त्याच्या पलंगावर बसून निवडलं जायचं.

आणि त्याची एक खोड होती. घरातून निघाला की कोपऱ्यापर्यंत जाऊन तो एकदा परत यायचाच. कधी गॉगल, कधी ओळखपत्र, आणि काहीच विसरलं नसेल तरीही. दारात उभा राहून घरात एक नजर फिरवायचा, "काही नाही," म्हणायचा आणि मग जायचा. बाबा म्हणायचे, साहेबांचं पहिलं जाणं धरायचं नसतं. माझ्या लग्नात वऱ्हाडाची गाडी निघाली तर हा पठ्ठ्या पुढच्या नाक्यावरून परत. आम्ही त्याला यावरून इतकं चिडवलं होतं की शेवटी चिडवायचाही कंटाळा आला.

त्या दुपारी मी आईच्या मागोमाग खोलीत गेले. मघाची अर्धवट भरलेली पट्टी आता नव्हती. पडद्यावर समुद्र होता. किनाऱ्यावर एक लाकडी खोपटं, त्याचं दार, धक्क्याला बांधलेली नाव, आणि खोपट्यासमोर लाल टोपीतला एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा. भूषणचा माणूस. टोपीचा रंग त्यानं आईला विचारून ठेवला होता, मला आठवत होतं.

माणूस चालायला लागला.

मी कंट्रोलरकडे पाहिलं. तो जिथल्या तिथं होता, धुळीसकट. माणूस वाळूतून चालत पाण्यापर्यंत गेला, वाकला, काहीतरी उचललं, परत आला. घाई नव्हती त्याच्या चालण्यात. आई पलंगावर मांडी घालून बसली होती आणि सुपात तूर पाखडत होती. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून माझ्या पाठीवर, त्या भट्टीसारख्या दुपारी, काटा आला.

"रोज?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, शंकाच होती.

"रोज नाही. रविवारी उशिरा येते."

"आई, तू हात लावतेस का याला?"

"मले येते का ते?" ती हसली. "मी पाहते फक्त."

रात्री ती झोपल्यावर मी कंट्रोलर उचलून लोखंडी कपाटात टाकला आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. मी ती लावली. सकाळी उठून बघते तर कडी काढलेली, दार उघडं, आणि घरात पुन्हा काळा भुगा.

दुसऱ्या दिवशी ब्लास्टिंग झालं, दुसरा भोंगा झाला, आणि मशीन 'टुक' करून जागं झालं. लाल टोपीवाला खोपट्यासमोर आला. कपाटाची किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर वळ उमटला.

मग मी माझ्या धंद्याला जागले. एकेक शक्यता खोडत गेले. मशीनवर बसून कुणी खेळ उतरवत नव्हतं, कंट्रोलर कपाटात होता. खेळ आधीच मागवून ठेवला की बाजारात येईल त्या दिवशी आपोआप उतरतो, हे भूषणनंच मला सांगितलं होतं. पण हा खेळ जुना होता, त्यानं कधीच खेळून पुसलेला. फोनवरूनही दूर बसून उतरवता येतो. भूषणचा फोन त्याच्याबरोबरच चेंदामेंदा झाला होता, आणि तो आईच्या ट्रंकेत त्याच्या घड्याळाशेजारी होता. मी काढून बघितला. मशीनची वायर ओढून टाकावी असंही मनात आलं. हातही घातला वायरला. आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हात मागं घेतला.

राहता राहिला प्रफुल.

प्रफुल नन्नावरे भूषणचा शाळेपासूनचा मित्र. पूर्वी दोन गल्ल्या सोडून राहायचा, आता अमरावतीला नोकरीला होता. दोघं मिळून खेळ विकत घ्यायचे. खातं एकच, भूषणच्या नावाचं, पासवर्ड दोघांकडे. कॉलनीतली पोरं असंच करतात. एकानं घ्यायचा, दोघांनी खेळायचा. मी अंगणात कडुनिंबाखाली जाऊन त्याला फोन लावला.

"प्रफुल, शीतलताई बोलतेय. भूषणच्या मशीनवर खेळ कोण उतरवतं?"

तो दोनदा खाकरला. बटण दाबलेली माणसं अशीच खाकरतात, माझ्या कामात मी ती चांगली ओळखते.

"ताई, तुमी रागवू नका," तो म्हणाला.

"ते मी नंतर ठरवीन. तू बोल."

"ताई, चुकून झालं होतं पहिल्यांदा. फेब्रुवारीत. मी इथं माझ्या मोबाईलवरून तो समुद्रवाला गेम उतरवायला लावला. मले वाटलं माझ्या मशीनवर येईन. पण आमचं खातं भूषणच्या मशीनला धरून आहे न, मुख्य मशीन त्याचं. मोबाईलवरून बटण दाबलं की ते तिकडंच जाते. माझ्या लक्षातच नाही आलं. अन् घंटाभरानं काकूंचा फोन. 'प्रफुल, भूषणचं मशीन सुरू झालं रे!' इतक्या खूश होत्या, ताई. तेरवीपासून त्यांचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता."

"मग?"

"मग काय सांगू मी? खोटं नाही बोललो. खरंही नाही बोललो. 'हो का काकू' म्हटलं. तेव्हापासून त्या गेमची काही नवी भर आली की तीही इथूनच उतरवतो."

"आणि तो माणूस चालतो, तो?"

"तोही मीच." त्याचा आवाज बारीक झाला. "माझ्या मोबाईलवरून इथं बसून तिथलं मशीन चालवता येते. जेवणाच्या सुट्टीत चालवतो थोडा वेळ. रविवारी उठायला उशीर होते. ताई, मशीनमध्ये सगळी नोंद असते, कोणत्या फोनवरून कधी चालवलं त्याची. खोटं वाटत असेल तर पाहून घ्या."

मला खोटं वाटलं नाही. माझा जीव भांड्यात पडला, इतकंच. मी कडुनिंबाच्या पारावर बसले. मग राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. तो बिचारा पलीकडे "ताई? ताई?" करत होता.

"तुला कळतंय का काय केलंस? ती घर सोडायला तयार नाही. म्हणते, तो गेला नाही."

"मी बंद करतो, ताई. आजच."

"नको. बंद केलंस तर ती वाट बघत बसेल. जन्मभर बसेल." मला बोलता बोलताच सुचलं. "शनिवारी एकदा शेवटचं चालव. त्या माणसाला नावेत बसव आणि समुद्रात लांब ने. दिसेनासा होईपर्यंत ने. मग बंद कर, आणि परत उघडू नकोस. तिला दिसू दे, तो जाताना."

"हे बरोबर राहीन का, ताई?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. आणि खरंच मला माहीत नव्हतं. आईच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघाले होते मी. पण रविवारी टेम्पो येणार होता.

शनिवारी सकाळी मी प्रफुलला निरोप टाकला, आज लक्षात ठेव म्हणून. त्याचं काही उत्तर आलं नाही. स्वयंपाक उरकला. आई जेवली. मला घास उतरत नव्हता. तिनं ताट बघितलं आणि म्हणाली, "परीक्षा आहे का वं तुझी?" मला कानकोंडं झालं.

भोंगा झाला. धक्का आला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जोराचा होता. मांडणीवरचा एक पेला खाली पडला आणि घरभर घरंगळत गेला. दुसरा भोंगा झाला. आम्ही दोघी पलंगावर बसलो. आईच्या हातात त्या दिवशी सूपही नव्हतं.

मशीन जागं झालं नाही.

आम्ही बसलोच. कूलरचा पंखा घरघरत होता, बाहेर कावळासुद्धा नव्हता. जेवणाची सुट्टी संपत आली असावी. मी मनातल्या मनात प्रफुलला लाखोल्या वाहत होते, उठून फोन करावा तर आई शेजारी. आणि मग 'टुक' झालं.

लाल टोपीवाला खोपट्यासमोर उभा होता. समुद्र नेहमीचाच. तो पाण्याकडे गेला नाही, काही उचललं नाही. सरळ धक्क्यावर गेला. नाव सोडली. आत बसला. आईनं माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

नाव धक्क्यापासून सुटली आणि निघाली. लांब गेली, लहान झाली, टोपीचा नुसता लाल ठिपका उरला. झालं, आता बंद होईल, मी मनात म्हणाले. आता बंद कर, प्रफुल.

ठिपका थांबला.

मग तो मोठा व्हायला लागला. नाव परत येत होती. मला वाटलं, ह्याला चालवता येईना की काय. नाव धक्क्याला लागली, माणूस उतरला, वाळूतून चालत खोपट्यापर्यंत आला आणि दारात उभा राहिला. आत गेला नाही. दारातूनच त्यानं मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली. त्या खोपट्यात काय होतं बघण्यासारखं? एक पलंग होता, एक दिवा होता. तो बघत होता. आणि मला सगळ्या अंगातून जाणवलं की तो आम्हाला बघतोय. मी आईचा हात सोडवून घ्यायला बघत होते, पण तिनं सोडला नाही.

"काही नाही," आई हलक्या आवाजात म्हणाली. त्याच्या वतीनं.

माणूस वळला. धक्क्यावर गेला, नावेत बसला, आणि यावेळी नाव थांबली नाही. पाणी उरलं. मग पडदा काळा झाला आणि मशीनवरचा दिवा विझला.

आई उठली. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. बाहेरच्या खोलीत गेली. मी मागून गेले, तर ती दारापाशी उभी होती. तिनं दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि कडी लावली. खट्.

"आता गेला," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"त्या दिवशी परत नव्हता आला न," आई म्हणाली. "सरळ गेला. मी दार उघडं ठेवून उभी. धुकं होतं. म्हटलं, येईन आता. गॉगल घ्यायले येईन. चहा गरम करून ठेवला. तो आलाच नाही, दुसरेच आले." ती थांबली. "इतके महिने कडी कशी लावू सांग बरं? जायचा राहिला होता तो."

मी तिला घट्ट धरलं. ती माझ्या खांद्याएवढीच. कधी इतकी लहान झाली होती कोण जाणे. खूप रडलो आम्ही. मग तिनं माझ्या पाठीवर थोपटलं, "चाल, खोके आण. भांडी बांधू," म्हणाली, आणि फरशी पुसायला घेतली. दोनदा पुसली.

प्रफुलवर त्या संध्याकाळी माझा इतका जीव जडला की काय सांगू. त्याला ती खोड माहीत असणारच, शाळेपासूनचा मित्र तो. मी नुसतं नावेत बसव म्हटलं होतं. परत आणायचं त्याला आपल्या बुद्धीनं सुचलं. मला, सख्ख्या बहिणीला, सुचलं नव्हतं. सामान बांधण्याच्या गडबडीत फोन राहून गेला.

रविवारी टेम्पो निघाला. मागं भांडी, कपाट, पलंग. पुढं ड्रायव्हर, मी, आणि खिडकीशी आई. मशीन तिनं सामानात टाकू दिलं नव्हतं; टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. कॉलनीच्या कोपऱ्यावर तिनं मागं वळून बघितलं नाही. वरोरा मागं पडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माझा फोन वाजला. प्रफुल.

"अरे, मीच करणार होते तुला," मी म्हणाले. आई खिडकीतून बाहेर बघत होती, तरी मी आवाज खाली आणला. "कसे उपकार मानू रे तुझे? परत आणायचं कसं सुचलं तुला?"

"काय परत, ताई?"

"नाव. नाव परत आणलीस ती. दारात उभा केलास त्याला."

या वेळी तो खाकरला नाही.

"ताई, मी माफी मागायले फोन केला," प्रफुल म्हणाला. "माझे बाबा आले होते इकडं, काल सकाळी त्यांच्या छातीत दुखलं, तसंच दवाखान्यात घेऊन पळालो. मोबाईल खोलीवरच राहिला, चार्जिंगला. खोलीला कुलूप होतं. बाबा बरे आहेत आता. मी आत्ता आलो खोलीवर, तुमचा निरोप पाहिला. काल काहीच करता आलं नाही, ताई. काकू वाट पाहत बसल्या असतील न?"

टेम्पो खड्ड्यातून गेला. मागं कुठंतरी भांड्यांच्या खोक्यात पेले किणकिणले.

"ताई? उद्या करू का? मशीन जोडलंत की सांगा, उद्या दुपारी नक्की करतो."

"नको," मी म्हणाले. "राहू दे, प्रफुल. बाबांना जप."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मशीन आमच्या नागपूरच्या घरात माळ्यावर आहे, त्याच टॉवेलमध्ये. मी तक्रार केंद्रात अजून लोकांना तेच सांगते, बंद करा, परत चालू करा. त्या मशीनमध्ये नोंद असेल. त्या दुपारी कुठून, कुणी चालवलं ते एका मिनिटात कळेल. प्रफुलनं एकदा विचारलंही होतं, पाहायचं का म्हणून. मी पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.

त्या दिवशी टेम्पोत मी फोन ठेवला. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. आईनं मान वळवली.

"प्रफुलचा होता?"

"हो."

"काय म्हणे?"

"काही नाही," मी म्हणाले. "विचारत होता, निघालात का."

आईनं मांडीवरच्या मशीनवरचा टॉवेल नीट केला. तिचा तळवा थोडा वेळ त्याच्यावरच राहिला. मग ती पुन्हा खिडकीकडे वळली.

"मग सांगायचं न त्याले," ती म्हणाली. "निघालो म्हणून."